पाळकीय सेवेसाठी केलेला अर्ज आणि देवाचे सार्वभौमत्व

जानेवारी २०२५ मध्ये निवड समितीचे शेवटचे पत्र आले आणि पाळकीय सेवेसाठी, म्हणजे मंडळीचा (चर्चचा) दीक्षित पाळक होण्यासाठी, माझी निवड झालेली नाही, हे निश्चित झाले. २०२२ च्या अखेरीस सुरू झालेली ही प्रक्रिया अशी संपली. ज्यांची निवड होते, त्यांची साक्ष व्यासपीठावरून ऐकायला मिळते. ज्यांची होत नाही, ते बहुधा गप्प राहतात आणि त्यामुळे रांगेत उभ्या असलेल्या पुढच्या माणसाला आपण एकटेच आहोत असे वाटू लागते. त्या माणसासाठी हे लिहीत आहे. प्रत्येक पंथाची पद्धत वेगळी असते, त्यामुळे येथे दिलेला क्रम नियम म्हणून घेऊ नये. मात्र प्रतीक्षेत मनाची जी अवस्था होते आणि त्या अवस्थेत देवापुढे नम्र होणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न सगळीकडे सारखाच असावा.

२७ नोव्हेंबर २०२२ हा आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार होता. उपासना संपल्यावर मी पाळकसाहेबांना थोडा वेळ मागितला. संडे स्कूल शिकवताना आणि अधूनमधून संदेश देताना ही इच्छा अनेक वर्षे मनात राहिली होती, पण ती मोठ्याने बोलून दाखवण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न माझ्याविषयी न विचारता माझ्या पत्नीविषयी विचारला: तिच्याशी बोलला आहात का? बोललो होतो. मग ते म्हणाले, “पाचारण, म्हणजे देवाचे बोलावणे, फक्त तुमच्या मनात असून भागत नाही, मंडळीनेही ते पारखायचे असते. तुम्ही अर्ज जरूर करा, पण उत्तर आधीच ठरवून येऊ नका.” या वाक्याचे वजन मला त्या दिवशी पूर्णपणे कळले, असे मी म्हणणार नाही.

जानेवारी २०२३ मध्ये मंडळीच्या कमिटीपुढे माझे नाव ठेवण्यात आले आणि शिफारस मिळाली. त्यानंतर कागदपत्रांची यादी हाती आली: बाप्तिस्म्याचा दाखला, दृढीकरणाचा दाखला, विवाहाचा दाखला, शिक्षणाची प्रमाणपत्रे, वैद्यकीय तपासणीचा अहवाल, पत्नीची लेखी संमती, पाळकांचे गोपनीय पत्र, मंडळीबाहेरच्या दोन व्यक्तींची शिफारसपत्रे आणि स्वतःच्या पाचारणाची लेखी साक्ष. या सगळ्यांत सर्वाधिक वेळ बाप्तिस्म्याच्या दाखल्याने घेतला. बाप्तिस्मा झाला ती मंडळी वेगळी, तेथील नोंदवह्या जुन्या, आणि नोंदीतले माझे नाव शाळेच्या दाखल्यावरील नावाशी एका अक्षराने जुळत नव्हते, म्हणून शपथपत्र जोडावे लागले. पुढे अर्ज करणाऱ्यांनी सर्वांत आधी हा दाखला मागवावा, आणि गोपनीय पत्रे लिहिणाऱ्यांना अंतिम तारखेच्या बऱ्याच आधी विनंती करावी, कारण ती माणसे कामात असतात आणि त्यांना घाई करण्याचा अधिकार आपल्याला नसतो.

साक्ष लिहिणे मात्र कागदपत्रांहून अवघड होते. तीन पानांची मर्यादा होती. मसुदा लिहिताना माझी लेखणी एका वाक्यापाशी थांबली: देवाने मला या सेवेसाठी बोलावले आहे. हे खरे असेलही. पण ते ठामपणे लिहिले, की समितीकडे पारखायला काय उरते? जो आधीच “देवाने सांगितले” असे म्हणतो, त्याला नकार देणारा माणूस आपोआप देवाचा विरोधक ठरतो. याकोबाच्या पत्राच्या चौथ्या अध्यायात, उद्या अमुक नगरात जाऊ आणि व्यापार करू असे म्हणणाऱ्यांना, प्रभूची इच्छा असेल तर आपण जगू आणि अमुक करू असे म्हणावे, हे शिकवलेले आहे. व्यापाराच्या बेतांना जे लागू आहे, ते सेवेच्या बेतांना अधिकच लागू असले पाहिजे. म्हणून मी लिहिले की, ही इच्छा देवाकडून आहे असा माझा विश्वास आहे आणि मंडळीने ती पारखावी अशी माझी विनंती आहे. साक्ष लिहिणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगेन: जेथे “मला असे वाटते” हे सत्य आहे, तेथे तेवढेच लिहा. त्याने साक्ष दुबळी होत नाही.

खर्चाविषयीही लिहिले पाहिजे. तपासण्या, प्रती, शपथपत्र आणि प्रवास यांचा खर्च आपला आपण करायचा असतो, आणि मुलाखतीच्या दिवसांची रजा बिनपगारी होऊ शकते. याहून मोठी किंमत वेगळीच होती. पुढच्या वर्षी आपण कोठे असू हे माहीत नसल्यामुळे मी नोकरीत चालून आलेली एक जबाबदारीची जागा नाकारली आणि पत्नीने तिचे स्वतःचे शिक्षण पुढे ढकलले. अर्ज एकाच्या नावाने होतो, पण प्रतीक्षा सगळे घर करते. अर्ज करण्यापूर्वी दोघांनी बसून याचा हिशेब जरूर करावा.

२०२३ मध्ये भस्म बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, २२ फेब्रुवारीला होता आणि पुनरुत्थानाचा सण ९ एप्रिलला. नीतिमान असूनही सर्वस्व गमावलेल्या ईयोबाविषयीच्या बायबलमधील पुस्तकाचा एक अध्याय उपवासकाळात रोज वाचायचा, असे मी ठरवले. पुस्तकाचे ४२ अध्याय पवित्र सप्ताहातील मंगळवारी, ४ एप्रिलला संपतात आणि उरलेले चार दिवस गेथशेमाने (धरले जाण्यापूर्वी येशूने जेथे प्रार्थना केली ती बाग) व वधस्तंभ यांच्यासाठी मोकळे राहतात. ही विभागणी कोणालाही करता येईल आणि मी तिची मनापासून शिफारस करतो, विशेषतः ज्याला दीर्घ काळ थांबायचे आहे त्याला.

ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्यापाशी मुकाट बसून राहिले, तोवर ते चांगले मित्र होते. त्यांनी तोंड उघडले आणि मार्च महिन्याचा बहुतेक काळ मी त्यांची भाषणे वाचत राहिलो. त्यांची वाक्ये सुटी काढली तर त्यांत फारसे चुकीचे काही सापडत नाही: देव न्यायी आहे, मनुष्य अशुद्ध आहे, देव शिक्षा करतो व बरेही करतो. ३१ मार्चला अडतिसावा अध्याय आला. वावटळीतून परमेश्वर बोलतो आणि एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही. तोच प्रश्न विचारतो. मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कोठे होतास? रानबकऱ्या केव्हा वितात, हे तुला ठाऊक आहे काय? पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात देव व सैतान यांच्यात जे बोलणे झाले, ते वाचकाला माहीत असते. ईयोबाला मात्र ते शेवटपर्यंत कोणीही सांगत नाही. त्याचे सगळे दुप्पट परत मिळते, पण कारण मिळत नाही.

तरीही मला सर्वांत जास्त थांबवले ते बेचाळिसाव्या अध्यायातील सातव्या वचनाने. देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या मित्रांवर देवाचा कोप होतो, आणि ज्याने तक्रार केली, जन्मदिवसाला शाप दिला, देवाशी वाद मांडायचा आहे असे म्हटले, तो ईयोब आपल्याविषयी यथार्थ बोलला असे देव म्हणतो. ईयोबाने तोंडावर हात ठेवला, धूळ व राख यांत बसून पश्चात्ताप केला, हे खरेच आहे. पण त्याआधीची त्याची वीसेक अध्यायांतली आरोळी देवाने खोडून टाकली नाही. लीनता म्हणजे मवाळ आवाज, असे आपल्या मंडळ्यांत पुष्कळदा गृहीत धरले जाते. ईयोबाचे पुस्तक नीट वाचणाऱ्याला तसे म्हणता येणार नाही. मित्र देवाविषयी बोलत राहिले. ईयोब देवाशी बोलला. त्या उपवासकाळापासून मी प्रार्थना वहीत लिहू लागलो, आणि जे मनात आहे तेच लिहू लागलो.

एप्रिलच्या अखेरीस फाइल पूर्ण होऊन जमा झाली. पोच अवश्य घ्यावी आणि तिच्यावर तारीख व शिक्का आहे की नाही हे तेथेच उभे राहून पाहावे. त्यानंतर उन्हाळा गेला. समितीची सभा गणपूर्ती न झाल्याने पुढे गेली, नंतर पुन्हा गेली. महिन्यातून एकदा, शक्यतो लेखी, नम्रपणे विचारणा करावी. त्याहून अधिक केल्याने काही लवकर होत नाही आणि कार्यालयातील माणसावर उगाच ताण येतो.

याच काळात प्रेषितांच्या कृत्यांचा पहिला अध्याय माझ्यासमोर आला. येशूला धरून देणाऱ्या यहूदाची प्रेषितांतील जागा भरायची होती. पात्रता स्पष्ट होती: योहानाच्या बाप्तिस्म्यापासून प्रभू वर घेतला गेला त्या दिवसापर्यंत जो सोबत होता, असा माणूस हवा होता. दोघे पात्र ठरले, बर्सब्बा म्हटलेला योसेफ, ज्याचे उपनाव युस्त होते, आणि मत्थिया. प्रार्थना झाली, चिठ्ठ्या टाकल्या गेल्या, मत्थियाची चिठ्ठी निघाली. युस्त अपात्र होता असे कोठेही म्हटलेले नाही. तोही येशूबरोबर तेवढाच काळ चालला होता, त्यानेही पुनरुत्थित प्रभूला पाहिले होते. शास्त्रात त्याचा पुन्हा उल्लेख येत नाही. त्या रविवारी संडे स्कूलच्या मुलांना मी हा भाग शिकवला, तेव्हा एका मुलीने विचारले, “मग तो घरी गेला का?” मी तिला सांगितले की, पुढच्याच अध्यायात पन्नासाव्या दिवशी सगळे एकत्र जमले होते आणि पवित्र आत्मा त्या सगळ्यांवर उतरला, युस्त तेथेच बसलेला असावा असे मला वाटते. ते लिहिलेले नाही, पण मानायला जागा आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये बोलावणे आले. सकाळी लेखी परीक्षा होती: शास्त्राचे ज्ञान, मूलभूत शिकवण आणि एक निबंध. दुपारी मुलाखत. लांब टेबलाच्या पलीकडे पाच जण बसले होते आणि माझ्या साक्षीच्या प्रती प्रत्येकापुढे होत्या; एका प्रतीच्या समासात पेन्सिलीच्या खुणा दिसत होत्या. प्रश्न सरळ होते. कर्ज आहे का? घरात राग येतो तेव्हा काय करता? स्वतःहून लहान असलेल्या वरिष्ठाच्या हाताखाली काम करू शकाल का? या प्रश्नांची तयारी पुस्तकांतून होत नाही. घरच्यांना विचारून होते. मी आदल्या आठवड्यात पत्नीला हेच प्रश्न विचारले होते आणि तिची उत्तरे माझ्या उत्तरांपेक्षा अधिक उपयोगी पडली.

मग समितीतील सर्वांत ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, “आम्ही नाही म्हटले, तर ते देवाचे उत्तर समजाल का?”

मी थोडा वेळ घेतला. उत्तर साधारण असे दिले: समितीचा निर्णय मी मान्य करीन, तो देवाचा शब्द आहे असे म्हणणार नाही, आणि तो देवाच्या हाताबाहेर घडला असेही म्हणणार नाही. आजही माझे उत्तर हेच राहील. उत्पत्तीच्या शेवटच्या अध्यायात, ज्याला भावांनी विकले होते तो योसेफ त्यांना म्हणतो की, तुम्ही माझे वाईट योजले, पण देवाने त्यातून चांगले योजले. एकाच घटनेत भावांचा हेतू आणि देवाचा हेतू असे दोन हेतू आहेत आणि एकामुळे दुसरा पुसला जात नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायातील प्रार्थनेतही तसेच आहे: हेरोद आणि पंतय पिलात यांनी जे केले ते त्यांचेच पाप होते, आणि तरीही ते देवाने पूर्वी नेमलेल्या गोष्टींबाहेरचे नव्हते. सार्वभौमत्वाची ही शिकवण ज्याला नीट कळली, तो माणसांच्या निर्णयांना देवत्व देत नाही आणि त्यांना देवाहून मोठेही करत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवणे मला आवश्यक वाटते. “देवाची इच्छा” हे शब्द ज्याच्या हातात निर्णय आहे त्याने, ज्याला निर्णय सोसायचा आहे त्याला, गप्प करण्यासाठी वापरू नयेत. जेथे अन्याय झाला असेल तेथे दाद मागणे हे अविश्वासाचे लक्षण नाही. पौलाने कैसराकडे दाद मागितली होती. देवापुढे लीन होण्याची आज्ञा टेबलाच्या दोन्ही बाजूंना आहे. दानीएलाच्या चौथ्या अध्यायात ज्याला नम्र केले गेले तो नबुखद्नेस्सर राजा होता. हे महान बाबेल मीच उभारले, असे म्हणत तो राजवाड्यावर फिरत होता, आणि बैलांप्रमाणे गवत खाऊन परतल्यावर त्याने कबूल केले की, परात्पराचा हात कोणाला आवरता येत नाही. सार्वभौमत्वाचा सर्वांत कठोर धडा शास्त्राने सत्ताधाऱ्याला दिला आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये पत्र आले: अर्ज एक वर्षासाठी स्थगित, त्या काळात पाळकांच्या देखरेखीखाली मंडळीत सेवा करावी, दरमहा अहवाल पाठवावा, वर्षाअखेरीस पुन्हा मुलाखत होईल. नकार नव्हता, पण त्या संध्याकाळी तो नकारासारखाच लागला. मी पत्र घडी करून टेबलावर ठेवले. पत्नीने ते उघडून वाचले, पुन्हा त्याच घडीवर मिटले आणि म्हणाली, “आज प्रार्थना मी करते, तू फक्त आमेन म्हण.” तिने तेरावे स्तोत्र वाचले, ज्यात कोठवर, हे परमेश्वरा, हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. मी आमेन म्हटले. त्या दिवशी माझ्याकडून तेवढेच झाले आणि तेवढे पुरेसे होते, असे मी आजही मानतो.

२०२४ चे वर्ष भेटींचे होते. मासिक अहवालाच्या छापील तक्त्यात आजाऱ्यांच्या भेटी, घरोघरच्या प्रार्थना, वर्ग आणि संदेश यांची संख्या भरायची असे. ज्यांना असे वर्ष मिळेल, त्यांनी तक्ता वेळेवर भरावा आणि त्याशिवाय स्वतःची एक वही ठेवावी, कारण जे घडते त्याचा बहुतांश भाग तक्त्यात मावत नाही.

माझ्या यादीत एक निवृत्त शिक्षिका होत्या. अनेक महिने त्या अंथरुणावर होत्या. पहिल्या भेटीत मी लांबसा शास्त्रपाठ काढून ठेवला होता. त्यांनी हाताने खूण करून थांबवले आणि एकशे एकतिसावे स्तोत्र वाचायला सांगितले. तीन वचनांचे ते स्तोत्र: माझे हृदय गर्विष्ठ नाही, माझ्या आवाक्याबाहेरच्या गोष्टींत मी पडत नाही, दूध तुटलेले मूल आईजवळ असते तसा माझा जीव आहे. दुसरे वचन माझ्या आधी त्याच म्हणत आणि तिसरे मला पूर्ण करू देत. नंतर त्या प्रार्थना करत. प्रत्येक वेळी त्या बरे होण्यासाठी प्रार्थना करत, अगदी स्पष्ट शब्दांत, कोणते दुखणे, कोणती बाजू, रात्री किती वाजता कळ येते, हे सगळे देवाला सांगून. आणि शेवटी, “पण तुझ्या मनास येईल तसे कर, बापा.” हे शेवटचे वाक्य म्हणताना त्यांचा आवाज खाली जात नसे. आधीची मागणी जितक्या जोरात, तितक्याच जोरात हेही. मी अनेकांच्या प्रार्थना ऐकल्या आहेत आणि माझीही प्रार्थना मी ओळखतो. “तुझी इच्छा असेल तर” हे आपण बहुधा आशा आवरती घेताना म्हणतो, म्हणजे पुढे निराशा आली तरी ती कमी लागावी. त्या तसे करत नव्हत्या. त्या पूर्ण मागत आणि पूर्ण सोडून देत. गेथशेमानेत प्रभूने केले तेही हेच. हा प्याला टळून जाऊ दे, ही मागणी त्याने पुन्हा पुन्हा केली आणि माझ्या इच्छेप्रमाणे नको हेही तितक्याच वेळा म्हटले.

ऑगस्टमध्ये त्या प्रभूमध्ये निजल्या. माझ्या अर्जाविषयी त्यांना माहीत होते की नाही, हे मला कधी कळले नाही. त्यांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

दुसरी मुलाखत नोव्हेंबरमध्ये झाली. ती छोटी होती आणि तिच्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. ५ जानेवारी २०२५ रोजी, वर्षाच्या पहिल्या रविवारी, आम्ही करार नूतनीकरणाची उपासना केली. मेथडिस्ट चळवळीचे प्रणेते जॉन वेस्ली यांनी १७५५ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेली ही उपासना आज अनेक पंथांच्या मंडळ्यांत होते. तिच्यातील प्रार्थनेत उपासक देवाला म्हणतो की, तुझ्यासाठी मला कामाला लाव किंवा तुझ्यासाठी बाजूला ठेव. मंडळीबरोबर मी ते म्हटले. पत्र त्यानंतरच्या आठवड्यात आले.

दोन ओळी होत्या. कारण दिलेले नव्हते. मी लेखी विनंती केली की, शक्य असल्यास कारण कळवावे. उत्तर आले की, समितीची चर्चा गोपनीय असते. विनंती करण्यात कमीपणा मानू नये. मोशेनेही यार्देनेपलीकडचा देश पाहू दे म्हणून विनवणी केली होती, आणि आता पुरे, या बाबतीत माझ्याशी आणखी बोलू नकोस, हे उत्तर मिळेपर्यंत तो विनवत राहिला.

पुढच्या काही आठवड्यांत भेटायला आलेल्या पुष्कळांनी कारणे सुचवली. देवाची तुझ्यासाठी याहून मोठी योजना आहे. एखाद्या संकटातून त्याने तुला वाचवले. कदाचित तुझ्यात काही उणे असेल, शोधून पाहा. सगळ्यांचे प्रेम खरे होते, म्हणून मी कोणाशी वाद घातला नाही. पण त्यातले एकही कारण मी स्वीकारले नाही, कारण ते देवाने सांगितलेले नाही. बायबलमधील अनुवाद या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायात म्हटले आहे की, गुप्त गोष्टी आपला देव परमेश्वर याच्या आहेत आणि प्रकट केलेल्या आपल्या. देव राजा आहे हे मानणे सोपे आहे. राजाच्या निर्णयाचे कारण आपल्याला माहीत नाही हे मान्य करून, तरीही त्याच्याकडे पाठ न फिरवणे, हे मला या दोन वर्षांतले सर्वांत कठीण काम वाटले. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत, म्हणजे प्रॉटेस्टंट शिकवणीच्या प्रश्नोत्तररूप पुस्तिकेत, अठ्ठाविसावा प्रश्न असा आहे की, देव सर्व काही सांभाळतो हे जाणण्याचा आपल्याला लाभ काय? उत्तरात तीन गोष्टी आहेत: संकटात धीर, सुस्थितीत कृतज्ञता, आणि पुढच्या काळासाठी आपल्या विश्वासू पित्यावर भरवसा. घडलेल्या गोष्टीचे कारण कळेल, असे वचन त्या उत्तरात नाही, आणि ते नाही याचे मला समाधान वाटते.

त्या दिवसांत मी दावीद राजाच्या गोष्टीत राहिलो. देवासाठी मंदिर बांधावे असे त्याच्या मनात आले. नाथान संदेष्टा म्हणाला, जा, मनात आहे ते कर, परमेश्वर तुझ्याबरोबर आहे. त्याच रात्री देवाचे वचन नाथानाला आले आणि सकाळी त्याला उलट निरोप न्यावा लागला. ज्यांना आधी मोठ्या मनाने उत्तेजन मिळाले आणि नंतर दार बंद झाले, त्यांनी हे लक्षात घ्यावे. उत्तेजन देणारे खोटे नव्हते. पुढे दावीद परमेश्वरापुढे जाऊन बसतो आणि म्हणतो, मी कोण आणि माझे घराणे काय, की तू मला येथवर आणलेस? त्यानंतरचे वाचण्यासारखे आहे. पहिल्या इतिहासाच्या बाविसाव्या अध्यायात हाच दावीद आपल्या हातून न होणाऱ्या मंदिरासाठी दगड घडवून घेतो, दारांच्या खिळ्यांसाठी लोखंड साठवतो, गंधसरूची लाकडे जमवतो. एकोणतिसाव्या अध्यायात सगळे दान जमल्यावर तो म्हणतो की, सर्व तुझ्यापासूनच आहे आणि तुझ्याच हातचे आम्ही तुला दिले आहे. आणि पहिल्या राजांच्या आठव्या अध्यायात, मंदिराच्या समर्पणाच्या वेळी, दावीदाचा मुलगा शलमोन एक गोष्ट सांगतो जी आधीच्या कथेत आलेली नसते: देव दावीदाला म्हणाला होता, माझ्या नामासाठी मंदिर बांधावे असे तुझ्या मनात आले हे तू बरे केलेस, तरी तू ते बांधणार नाहीस. इच्छा चांगली होती आणि उत्तर नाही होते. दोन्ही एकाच वाक्यात, एकाच देवाच्या मुखातून. हे वचन मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

काही व्यवहाराच्या गोष्टी राहिल्या. मूळ कागदपत्रे परत मागून घ्यावीत; ती आपोआप परत येत नाहीत. मंडळीला काय सांगायचे, हे पाळकांबरोबर बसून आधी ठरवावे; आमच्या येथे त्यांनी माझ्या संमतीने एका वाक्यात घोषणा केली आणि पुढची विचारपूस फार सोपी झाली. ज्यांची निवड झाली त्यांच्या दीक्षाविधीला जायचे की नाही, याचे उत्तर ज्याने त्याने शोधावे. मी गेलो. प्रत्येकाच्या मस्तकावर हात ठेवले जात असताना मला जड गेले, आणि तरी त्यांच्यासाठी नावाने प्रार्थना करता आली. दुःख अजून आहे. कधी एखाद्या रविवारी ते अचानक वर येते. पत्नीचे शिक्षण या वर्षी सुरू झाले आहे, मी संडे स्कूल आणि आजाऱ्यांच्या भेटी चालू ठेवल्या आहेत, फक्त आता मासिक तक्ता भरावा लागत नाही.

मंडळीतील एका तरुणाने या वर्षी अर्ज करायचे ठरवले आहे आणि पाळकसाहेबांनी त्याला माझ्याकडे पाठवले. शनिवारी संध्याकाळी आम्ही त्याची कागदपत्रे लावत बसतो. बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी त्याने आपल्या जुन्या मंडळीला पत्र पाठवले होते. नोंदवही शोधायला महिनाभर लागेल, असे तेथून कळवले आहे.